रोग्याचें सांगणें आणि समाजाचें ऐकणें

माझे एक स्नेही पुण्याच्या एका पेठेंत गेलीं पंचवीस वर्षें डॉक्टरी करीत आहेत. संध्याकाळची गर्दी ओसरली कीं त्यांच्या दवाखान्यांत घटकाभर जाऊन बसावें, चहा घ्यावा आणि जगाची चिंता वाहावी, हा माझा जुना परिपाठ. गेल्या पावसाळ्यांत असाच बसलों असतां एक बाई घाईघाईनें आंत आल्या. मी उठून बाहेरच्या बांकावर जाऊन बसलों. दहा मिनिटांनीं त्या गेल्या आणि डॉक्टरांनीं मला पुन्हां आंत बोलाविलें. संगणकाच्या पडद्याकडे पाहत ते तसेच बसून होते. काय झालें म्हणून विचारलें तेव्हां म्हणाले, "सगळें नीट सांगितलें हो त्यांनीं. आणि जातांना म्हणाल्या, 'डॉक्टर, हें तेवढें लिहूं नका.'" काय लिहूं नका, तें त्यांनीं मला सांगितलें नाहीं आणि मींही विचारलें नाहीं.

वाक्य लहान आहे, पण तें माझ्या मनांतून जाईना. पूर्वीं असें म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढें ठराविक माणसें असत: कंपाउंडर, घरचीं माणसें, फार तर शेजारपाजार. त्यांच्यापासून रोग्याचें गुपित राखणें हा वैद्याचा धर्म सर्व देशांत मानलेला आहे. हिपॉक्रेटिसच्या नांवानें चालत आलेल्या ग्रीक शपथेंतही, जें बाहेर बोलूं नये असें रोग्याकडे पाहिलें वा ऐकलें तें बाहेर उच्चारणार नाहीं, असें वचन वैद्याला द्यावें लागे. परंतु आज रोग्याचा शब्द वाचणारा एक नवाच वाचक निर्माण झाला आहे. तो गांवांत कोणालाही ओळखत नाहीं, त्याला कुचाळकीची आवड नाहीं, आणि एका दिवसांत तो लाखों टिपणें वाचतो. माणसांची लिहिलेली भाषा यंत्राकडून वाचवून घेण्याची जी विद्या 'नॅचरल लँग्वेज प्रोसेसिंग' या नांवानें ओळखली जाते, तिच्या साहाय्यानें रुग्णालयांतील नोंदी वाचून साथीचा माग काढावा, असा उद्योग कांहीं देशांत वीस-पंचवीस वर्षें चालू आहे. रोग्यानें स्वतः बरें होण्यासाठीं जें सांगितलें, तें इतरांच्या रक्षणासाठीं, त्याला न विचारतां, वाचण्याचा अधिकार समाजाला आहे काय? हा प्रश्न मला त्या बाईंच्या एका वाक्यामुळें पडला, आणि वाटतो तितका तो सोपा नाहीं.

प्रथम हें वाचन चालतें कसें, तें पाहूं. अमेरिकेंतील रुग्णालयाच्या तातडीच्या विभागांत रोगी आला कीं दारांतच त्याला काय होतें तें विचारतात आणि एका ओळींत टिपून ठेवतात. 'दोन दिवस ताप व खोकला', 'जेवणानंतर उलट्या', 'छातींत दुखतें', अशी ती ओळ. रक्त-थुंकी तपासून प्रयोगशाळेचा निकाल यावयास दिवस लागतात; ही ओळ मात्र रोगी उंबरा ओलांडतांच तयार होते. पिट्सबर्ग विद्यापीठांतील संशोधकांनीं 1999 च्या सुमारास या ओळी एकत्र करून यंत्राकडून वाचविण्याची व्यवस्था उभारली. माणसांनीं आधीं वर्गवारी करून ठेवलेल्या ओळींवरून कोणता शब्द कोणत्या वर्गांत किती वेळां येतो याचें गणित यंत्र शिकतें; मग नवी ओळ आली कीं ती श्वसनाच्या तक्रारींत पडते कीं पोटाच्या, पुरळाच्या कीं मज्जासंस्थेच्या, याचा अंदाज बांधतें; आणि आजची संख्या नेहमींच्या संख्येशीं ताडून पाहतें. एकाएकीं फुगवटा दिसला तर आरोग्याधिकाऱ्याला इशारा देतें. 2001 च्या शरद्ऋतूंत अमेरिकेंत कोणीं तरी टपालांतून अँथ्रॅक्सचे जंतु पाठविले व पांच माणसें दगावलीं. पुढल्याच फेब्रुवारींत सॉल्ट लेक सिटी येथें हिवाळी ऑलिंपिकचे सामने भरले, तेव्हां ही यंत्रणा तेथील रुग्णालयांच्या ओळींवर नजर ठेवून होती.

येथें थोडें विषयांतर करण्याचा मोह आवरत नाहीं. डॉक्टरांच्या टिपणांत जितकें 'आहे' असतें त्याहून पुष्कळदां 'नाहीं' अधिक असतें: ताप नाहीं, धाप नाहीं, थुंकींत रक्त नाहीं. निदान म्हणजे एकेक शक्यता खोडीत जाणें. आपल्या वेदान्त्यांनीं ब्रह्माकडे जाण्यासाठीं जो नेतिमार्ग धरला तोच हा. नुसते शब्द मोजणाऱ्या यंत्राला मात्र 'ताप नाहीं' यांत 'ताप' दिसतो, आणि निरोगी गांवांतही तें साथ पाहूं लागतें. 2001 सालीं वेंडी चॅपमन व त्यांच्या सहकाऱ्यांनीं यावर एक साधी युक्ति प्रसिद्ध केली. नकारदर्शक शब्द शोधावयाचा, आणि त्याची सत्ता आसपासच्या चार-पांच शब्दांपर्यंत चालते असें धरावयाचें. व्याकरणाच्या पंडितांना ही युक्ति गांवठी वाटेल, पण ती चांगली चालली. इंग्रजी टिपणांत 'रोगी खोकला नाकारतो' असें लिहिण्याची रीत आहे. जणूं बिचारा आरोपीच्या पिंजऱ्यांत उभा आहे! आज तर संपूर्ण टिपण वाचून हा ताप रोग्याला कीं त्याच्या आईला, आतांचा कीं पांच वर्षांपूर्वींचा, हें सांगणारीं भाषायंत्रें निघालीं आहेत. तींही चुकतात; मात्र सफाईनें चुकतात, म्हणून चूक लवकर ध्यानांत येत नाहीं.

कोणी म्हणेल, हें सारें नवें असल्यामुळें तुम्हांला भय वाटतें. मला तसें वाटत नाहीं. यांतील यंत्र नवें आहे, कृत्य जुनें आहे. लंडनमधील जॉन ग्राँट नांवाच्या व्यापाऱ्यानें 1662 सालीं त्या शहराच्या मृत्युपत्रकांवर एक पुस्तक लिहिलें, आणि तेथून या शास्त्राचा आरंभ समजतात. मृत्यूचें कारण ठरविण्याचें काम त्या काळीं शहरांतल्या म्हाताऱ्या बायकांकडे असे. त्या प्रेत पाहून सांगत आणि तें नोंदलें जाई. ग्राँटची एक शंका मोठी मार्मिक आहे. उपदंशासारख्या लाजिरवाण्या रोगानें मेलेल्यांची संख्या पत्रकांत फारच थोडी दिसते. तेव्हां चार पैसे व पेलाभर मद्य यांच्या बळावर त्या मृत्यूंची नोंद दुसऱ्या एखाद्या सभ्य रोगाखालीं होत असली पाहिजे, असें त्यानें ताडलें. म्हणजे या शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकांत, लाज ही मोजणीला कशी पोखरते, याची जाणीव आहे. यंत्राच्या गतीविषयीं आज आपण जितकें बोलतों तितकें या गोष्टीविषयीं बोलत नाहीं.

दुसरें उदाहरण अधिक प्रसिद्ध आहे. 1854 च्या ऑगस्टअखेर लंडनच्या सोहो भागांत पटकी उसळली. डॉ. जॉन स्नो यांनीं मृत्युनोंदणीच्या कचेरींतून यादी मिळविली, आणि तीन दिवसांतील 83 मृत्यूंचा छडा लावीत ते त्या भागांत फिरले. बहुतेक मृत्यु ब्रॉड स्ट्रीटवरील एका पंपाभोंवतीं घडलेले आढळले, आणि 8 सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. ही कथा शाळेंतल्या मुलांनाही ठाऊक असते. तिच्यांतील एक पोटकथा मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या पंपापासून दूर, हॅम्पस्टेड येथें, एक विधवा बाई पटकीनें वारली. आसपास साथ नव्हती, आणि यादी कितीही वेळ पाहिली तरी या मृत्यूचा उलगडा होण्यासारखा नव्हता. स्नो यांनीं तिच्या मुलाकडे चौकशी केली. तेव्हां कळलें कीं ब्रॉड स्ट्रीटच्या पाण्याची चव तिला आवडे, म्हणून रोज गाडीवरून त्या पंपाच्या पाण्याची एक बाटली ती मागवीत असे. तिच्याकडे पाहुणी आलेली नात्यांतील एक बाई तेंच पाणी पिऊन इस्लिंग्टनला परत गेली आणि तीही मेली. पटकी पाण्यांतून पसरते या सिद्धांताला याहून बळकट पुरावा कोणता? आणि हा पुरावा कोणत्याही यादीच्या कोणत्याही रकान्यांत बसण्यासारखा नव्हता. आई गमावलेल्या एका मुलानें डॉक्टरला सांगितलेली ती घरगुती गोष्ट होती.

रकाने भरून घेण्याऐवजीं टिपणांतील मोकळी भाषा वाचावी, या आग्रहामागें खरें कारण हेंच आहे. रकाना पूर्वीं ठाऊक असलेल्या गोष्टीसाठीं आंखलेला असतो. क्षयाचा रोगी आढळला कीं सरकारास कळविलें पाहिजे, असा नियम आपल्याकडे 2012 सालीं झाला. त्यासाठीं यंत्राला भाषा शिकविण्याचें कारण नाहीं, कारण क्षयाला नांव आहे. पण ज्या रोगाला अद्याप नांवच नाहीं त्याचें काय? 2019 च्या उन्हाळ्यांत अमेरिकेच्या इलिनॉय व विस्कॉन्सिन राज्यांत धडधाकट तरुण मुलेंमुली एकाएकीं धाप लागून रुग्णालयांत येऊं लागलीं. न्यूमोनिया म्हणावा तर जंतु सांपडेनात. रोगांच्या जागतिक यादींत या आजाराला अंक नव्हता, कारण तो रोगच नवा होता. परंतु तातडीच्या विभागांतील त्या एकेक ओळींत कोठें कोठें 'व्हेपिंग', म्हणजे विजेवर चालणारी सिगारेट ओढणें, हा शब्द किंवा त्या नळ्यांचें एखादें बाजारी नांव टिपलेलें होतें. देशभरच्या ओळी मागें जाऊन चाळल्या तेव्हां जून 2019 पासून अशा रोग्यांची संख्या झपाट्यानें चढत गेलेली व सप्टेंबरांत कळसास पोंचलेली दिसली. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2807 रोगी मोजले गेले आणि 68 दगावले. पुढें 51 रोग्यांच्या फुफ्फुसांतील द्रव तपासला, तेव्हां त्यांपैकीं 48 जणांच्या द्रवांत ई जीवनसत्त्वाचें एक तेलकट संयुग निघालें. गांजाच्या अर्कांत तें भेसळ म्हणून मिसळलें जात होतें.

आतां या हकीकतींतील नैतिक गांठ पाहा. बहुसंख्य रोग्यांनीं गांजाचा अर्क असलेल्या नळ्या ओढल्या होत्या, आणि अमेरिकेच्या पुष्कळ राज्यांत तसें करणें हा त्या वेळीं गुन्हा होता. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, शेजारीं आई उभी, आणि डॉक्टर विचारतात, 'काय ओढलेंस?' त्या प्रश्नाचें खरें उत्तर जितक्या मुलांनीं दिलें तितक्या प्रमाणांत भेसळीचा माग लागला. हीं उत्तरें त्यांनीं देशाच्या आरोग्यासाठीं दिलीं नव्हतीं. श्वास घेतां येत नव्हता आणि समोरचा मनुष्य बोलणें पोटांत ठेवील असें वाटलें, म्हणून दिलीं. आपलें उत्तर त्याच रात्रीं पोलिसांच्या यंत्रालाही वाचावयास मिळणार आहे असें त्यांना कळतें, तर कितीजण बोलते? कायद्याच्या भीतीनें मिटलेल्या तोंडाला कोणतेंही भाषायंत्र वाचूं शकत नाहीं. एका अर्थीं साथीचा शोध लावणारा अधिकारी डॉक्टरच्या खोलींत पिढ्यान्‌पिढ्या सांचलेल्या विश्वासावर उदरनिर्वाह करतो. त्या सांठ्यांत तो स्वतः कांहीं भर घालीत नाहीं, परंतु तो उधळून टाकणें मात्र त्याच्या हातीं असतें.

उधळला गेला म्हणजे काय होतें, हें पाहण्यास आपल्याला अमेरिकेस जावयास नको. 1896 च्या सप्टेंबरांत मुंबईच्या मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेग ओळखला, तो रोग्यांच्या खाटेपाशीं उभें राहून. 1897 च्या आरंभीं साथीच्या रोगांचा कायदा झाला, पुण्यास रँडसाहेबांची कमिटी बसली, आणि गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर शिरून रोगी हुडकूं लागल्या. देवघर कीं स्वयंपाकघर, याचा विधिनिषेध राहिला नाहीं. त्याचा शेवट 22 जूनच्या रात्रीं कसा झाला तें सर्वश्रुत आहे. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीनें त्या खुनाहून महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. लोकांनीं रोगी लपविण्यास आरंभ केला. तापानें फणफणलेलें माणूस माळ्यावर नेऊन ठेवावें, मेल्याची वार्ता दडवावी, शेजाऱ्यालाही कळूं देऊं नये, हेंच शहाणपण ठरलें. जी पुणेकर आई मांडवीसारख्या ठिकाणीं आपल्या डॉक्टरला आपण होऊन हांक मारती, तीच आतां त्याच्यापुढें 'घरांत कोणी आजारी नाहीं' म्हणूं लागली. शोध जितका कडक तितकी माहिती कमी, असा उलटा हिशेब त्या चार महिन्यांत पुण्याच्या गल्लीबोळांत लिहिला गेला.

यावर एक ठराविक उत्तर मिळतें. सोजीर माणूस ओळखून धरीत होता; यंत्र नांव पाहतच नाहीं; नोंदीवरील नांवगांव आधींच पुसलेलें असतें. हें उत्तर अर्धें खरें आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यानें सरकारी नोकरांच्या रुग्णालयीन नोंदी नांवें काढून संशोधकांना दिल्या होत्या. 1997 सालीं लाटॅन्या स्वीनी या विद्यार्थिनीनें केंब्रिज शहराची मतदारयादी वीस डॉलरांस विकत घेतली, आणि जन्मतारीख, लिंग व टपालविभाग या तीन गोष्टी जुळवून खुद्द गव्हर्नर विल्यम वेल्ड यांच्याच नोंदी त्या ढिगांतून वेगळ्या काढल्या. पुढें तिनेंच दाखविलें कीं अमेरिकेंतील शेंकडा 87 माणसें या तीन गोष्टींवरून ओळखूं येण्यासारखीं आहेत. आंकड्यांच्या नोंदीची ही कथा. मोकळ्या भाषेंतील टिपणांची गोष्ट तर विचारूंच नका. 'उजवा हात गिरणींत गेलेला, भाऊ तलाठी, थोरली सून माहेरीं निघून गेली तेव्हांपासून झोंप नाहीं', अशी ओळ एखाद्या डॉक्टरच्या टिपणांत असेल. नांव पुसून टाका, तालुक्याचेंही नांव पुसा. त्या गांवच्या माणसाला ती ओळ वाचून कोणाची हें ओळखण्यास क्षणभरही लागणार नाहीं. हॅम्पस्टेडच्या बाईची गोष्ट उपयोगी पडली ती तिच्यांतील तपशिलामुळें, आणि मनुष्य ओळखूं येतो तोही तपशिलामुळेंच. उपयोग आणि उघडेपणा यांचें मूळ एकच आहे. एक काढून टाकून दुसरें ठेवण्याची युक्ति अजून पूर्णपणें साधलेली नाहीं.

मग काय, प्रत्येक रोग्याची संमति घ्यावी? माझे पुष्कळसे उदारमतवादी मित्र असेंच म्हणतील, आणि तरुणपणीं मिल्लचें वाचन ताजें असतां मींही तसेंच म्हटलें असतें. आतां माझें मत बदललें आहे. माझा खोकला सर्वस्वीं माझा नाहीं. तो मला कोणाकडून तरी मिळाला आणि मी तो कोणाला तरी देणार आहें. माझ्या घशांत त्याचा मुक्काम चार दिवसांचा. ज्या गोष्टीचें येणेंजाणें सामाजिक आहे तिच्या मोजणीपुरता तरी माझा एकट्याचा नकार चालूं नये. शिवाय संमतीचा मार्ग ठेवला तर नकार देणारे सगळीकडे सारखे विखुरलेले नसतात. जेथें लाज अधिक, भय अधिक, तेथलेच लोक अंग काढून घेतात, आणि मग ग्राँटच्या मृत्युपत्रकाप्रमाणें नेमका धोक्याचा भाग कोरा राहतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनीं 24 ऑगस्ट 2017 रोजीं खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला, त्या निर्णयांतही, व्यक्तीची ओळख झांकलेली ठेवून मलेरिया-डेंग्यूसारख्या साथींसाठीं रुग्णालयांतील नोंदींचा अभ्यास करण्यांत राज्याचें न्याय्य हित असूं शकतें, असा विचार प्रधान निकालपत्रांत मांडलेला आहे. तो मला पटतो.

परंतु संमति घेतली नाहीं तरी चालेल, यावरून सांगितलें नाहीं तरी चालेल असें निघत नाहीं. आणि चूक बहुतेक वेळां येथेंच होते. इंग्लंडांत 2013 सालीं घरच्या डॉक्टरांकडील सर्व नोंदी एका ठिकाणीं गोळा करण्याची 'केअर डॉट डेटा' नांवाची योजना निघाली. हेतु वाईट नव्हता. लोकांना कळविलें तें मात्र घरोघर टाकलेल्या एका पत्रकानें. जाहिरातींच्या चिठ्ठ्याचपाट्यांत तें पुष्कळांच्या दृष्टीसही पडलें नाहीं. या नोंदी कोणाकोणाच्या हातीं जाणार, विमाकंपन्यांच्या जाणार कीं काय, याचें सरळ उत्तर मिळेना. फेब्रुवारी 2014 मध्यें योजना थांबवावी लागली आणि जुलै 2016 मध्यें ती मोडीत निघाली. ज्या देशांत सार्वजनिक रुग्णसेवेवर लोकांचा कुलदेवतेप्रमाणें विश्वास, तेथें ही गत. आपल्याकडे आयुष्मान भारत डिजिटल मिशन सप्टेंबर 2021 मध्यें देशभर सुरू झालें, व्यक्तिगत माहितीच्या रक्षणाचा कायदा 2023 सालीं झाला. म्हणजे घर बांधून होत आलें आहे. दवाखान्याच्या बांकावर बसलेल्या माणसाला, 'बाबा रे, तूं आंत जें सांगशील त्याची एक ओळ नांवाशिवाय साथीच्या मोजणींत जाते. पोलिसांकडे, मालकाकडे, विमेवाल्याकडे जात नाहीं,' असें त्याच्या भाषेंत कोणीं सांगितलेलें मीं तरी पाहिलें नाहीं. आणि हें सांगणें खरें ठरण्यासाठीं त्या दोन वाटांच्या मध्यें भिंतही पक्की पाहिजे. गरज पडेल तेव्हां वरच्या अधिकाऱ्याच्या चिठ्ठीनें उघडणारें दार तींत असतां कामा नये.

आणखी एक देणें आहे, त्याचा उच्चार तर क्वचितच ऐकूं येतो. ज्या वस्तीच्या ओळी वाचून इशारा मिळाला त्या वस्तीकडे तो इशारा परत गेला पाहिजे. ब्रॉड स्ट्रीटच्या लोकांनीं आपले मृत्यु दिले आणि त्यांना दांडा काढलेला पंप मिळाला. व्यवहार पुरा झाला. एखाद्या झोपडपट्टींतील दवाखान्याच्या नोंदी वाचून राजधानींतील पडद्यावर तांबडा ठिपका उमटावा, त्यावर निबंध लिहिला जावा, आणि त्या वस्तींतल्या नळाला पूर्वींचेंच पाणी येत राहावें, याला मी मोजणी म्हणणार नाहीं. परक्याच्या दुखण्याची ती फुकट उचल आहे.

हें सगळें मीं डॉक्टरांपुढें एका बैठकींत मांडलें. ते हंसले आणि म्हणाले, "प्रोफेसर, तुमचें यंत्र वाचणार काय, तें आधीं पाहा." त्यांनीं त्या दिवसाच्या नोंदी दाखविल्या. एक म्हातारे गृहस्थ येऊन सांगून गेले होते कीं अंगांत कणकण आहे, तोंडाला चव नाहीं, पोटांत कालवल्यासारखें होतें, आणि सून गांवीं गेल्यापासून जेवणच नकोसें झालें आहे. नोंदींत इंग्रजींतले तीन शब्द होते. "समोर चाळीस माणसें बसलेलीं," डॉक्टर म्हणाले, "मी काय कादंबरी लिहूं?" सरकारी रुग्णालयांत तर एकेका रोग्याच्या वांट्याला याहूनही थोडा वेळ येतो, आणि केसपेपर पुष्कळदां रोग्याच्याच पिशवींत घडी होऊन घरीं जातो. कणकण, कसकस, मळमळ, ढवळणें, कालवणें, यांतला भेद मराठी माणसाला जन्मतः कळतो. इंग्रजी टिपणांत त्यांतलें फार थोडें उतरतें. जीं यंत्रें प्रामुख्यानें इंग्रजी टिपणांवर शिकलेलीं आहेत त्यांना आपलें दुखणें आधींच भाषांतर होऊन, आणि भाषांतरांत आटून, वाचावयास मिळणार. ज्यांचें कांहीं लिहिलेंच जात नाहीं ते तर यंत्राच्या दृष्टीनें निरोगी! यंत्रानें फार वाचलें तर काय, याची चिंता करीत मी बसलों होतों. तें फार थोडें वाचील आणि त्यालाच जग समजेल, ही चिंता माझ्या स्नेह्यांची होती. ती मला अधिक रास्त वाटली, हें कबूल केलें पाहिजे.

उरला प्रश्न त्या बाईंचा. मोजणींतून अंग काढून घेण्याचा हक्क रोग्याला नसावा असें मीं वर म्हटलें आहे. पण अमुक गोष्ट लिहूंच नका, असें म्हणण्याचा हक्क मात्र मी त्याला देईन, आणि तो अबाधित ठेवीन. बोलणें आणि लिहिणें यांच्यामध्यें डॉक्टरच्या लेखणीएवढी जी जागा आहे ती कायद्यानेंही भरून काढूं नये, असें मला वाटतें. माणसाला सर्व कांहीं सांगतां यावें यासाठीं कांहीं तरी न लिहिलेलें राहणें भाग आहे. डॉक्टरांना मीं हें म्हटलें तेव्हां त्यांनीं लगेच मान डोलाविली नाहीं. "बोलायला छान आहे," ते म्हणाले, "पण उद्यां मी नसलों आणि बाई दुसऱ्या डॉक्टरकडे बेशुद्ध अवस्थेंत गेल्या, तर त्याला हें कळणार कसें?"

"मग तुम्हीं लिहिलेंत कीं काय?" मीं विचारलें.

"नाहीं. नाहीं लिहिलें."

"इतरांना उपयोग होण्यासारखें होतें तें?"

त्यांनीं चहाचा कप खालीं ठेवला. थोडा वेळ पडद्याकडे पाहिलें. "आणखी दोघी-तिघींनीं तेंच सांगितलें असतें तर झाला असता," ते म्हणाले, आणि बाहेर कोणी आहे का तें पाहण्यासाठीं उठले.